साइन ऑफचा पहिला आठवडा

अगं, जावईबापू बोटीवरून उतरून घरी आले की काय होणार, ते मी तुला आत्ताच सांगते. बॅगा उघडतील. चॉकलेटं निघतील, सेंटच्या बाटल्या निघतील, सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी बाम निघेल. शेजारीपाजारी डोकावून जातील. चार दिवस घरात नुसती कोलंबी, सुरमई आणि पाहुणे. आणि या सगळ्या धांदलीत प्लास्टिकच्या पाऊचमधलं एक पुस्तक गुपचूप कपाटाच्या लॉकरमध्ये जाऊन पडेल. ते सीडीसी, बोटीवरच्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तक. पुढच्या जॉइनिंगचा फोन येईपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही.

तू लाव. हितगुज म्हणून एवढंच सांगायला बसलेय. आपल्याकडे खाडीकाठच्या गावांतून माणसं पिढ्यान्पिढ्या बोटीवर जातायत, पण पगार किती, सुट्टी किती, कंपनी कुठली, एवढंच घरात बोललं जातं. त्या माणसाची नोकरी सरकारदरबारी जशी लिहिली जायला हवी तशी लिहिली गेली आहे का, हे कुणी विचारत नाही. विचार येतो तो परीक्षेच्या तोंडावर किंवा सर्टिफिकेटची मुदत संपत आली की. तोवर कॅप्टन तिसऱ्याच बोटीवर गेलेला असतो, कंपनीतला ओळखीचा मुलगा नोकरी सोडून गेलेला असतो आणि आपण फोन फिरवत बसतो.

तुझं लग्न नवं आहे, म्हणून आधी हिशेब समजावते. बोटीवरच्या माणसाची बढती वर्षांवर ठरत नाही, समुद्रावर काढलेल्या दिवसांवर ठरते. त्याला सी टाइम म्हणतात. जावईबापू आज ओएस, म्हणजे डेकवरचे साधे खलाशी आहेत, त्यांना एबी, म्हणजे त्याच्या वरच्या पायरीचे खलाशी व्हायचंय. जगभर चालणारा एसटीसीडब्ल्यू नावाचा करार आहे, 1978 चा, 2010 मध्ये मनिलाला त्यात मोठे बदल झाले. त्या करारात एबी होण्यासाठी वॉचकीपिंगचं सर्टिफिकेट मिळाल्यानंतर डेकवरचा 18 महिन्यांचा सी टाइम सांगितलाय. मान्यताप्राप्त ट्रेनिंग केलं असेल तर 12 महिन्यांचा. अधिकारी असेल तर त्याला सर्टिफिकेट पुढे चालू ठेवायला मागच्या पाच वर्षांत 12 महिने किंवा शेवटच्या सहा महिन्यांत तीन महिने बोटीवर काढल्याचं दाखवावं लागतं. टँकरच्या वरच्या कोर्सला सहसा तीन महिने टँकरवरच केलेले हवेत. म्हणजे बघ, सगळीकडे महिने आणि दिवस. एक तारीख चुकली की दिवस कापले गेलेच.

हे दिवस तीन ठिकाणी लिहिलेले असतात. पहिलं म्हणजे सीडीसी. शिपिंग मास्तरच्या ऑफिसातून मिळतं, मुंबईचं असेल तर बॅलार्ड इस्टेटच्या नौभवनातून. प्रत्येक बोटीची त्यात एक नोंद, खाली कॅप्टनची सही आणि बोटीचा शिक्का. दुसरं, कंपनीचं किंवा कॅप्टनचं सी सर्व्हिसचं पत्र. आणि तिसरं, डीजी शिपिंगच्या ऑनलाइन नोंदी, इंडोस नंबरला, म्हणजे प्रत्येक बोटीवाल्याच्या ओळख क्रमांकाला जोडलेल्या. हे डीजी शिपिंग म्हणजे कांजूरमार्गचं मोठं ऑफिस, देशातल्या सगळ्या बोटीवाल्यांचं.

आता गंमत अशी, की पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात असतात आणि वजन पडतं तिसरीचं. सातबाऱ्यासारखंच समज. जमीन तू कसतेस, घाम तुझा, पण उताऱ्यावर नाव चुकलं की तलाठ्याकडे खेटे तुझेच. ऑनलाइन नोंद जावईबापू स्वतः भरत नाहीत. ज्या कंपनीने त्यांना बोटीवर पाठवलं, ज्यांच्याकडे बोटीवर माणसं पाठवायचं आरपीएसएल लायसन आहे, त्यांच्या क्रूइंगमधलं, म्हणजे माणसं पाठवणाऱ्या विभागातलं कुणीतरी ती भरतं. त्या मुलापुढे एका दिवसात कितीतरी माणसं चढत-उतरत असतात. त्याच्याकडून एखादा आकडा इकडचा तिकडे होणारच. त्यात त्याचा वाईट हेतू असतो असं नाही. पण आपण बघितलं नाही, तर ती चूक कुणालाच दिसत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की साइन ऑफ झाल्यावर, म्हणजे बोटीवरून उतरल्यावर, पहिल्या आठवड्यात तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघायच्या. चूक सगळ्यात स्वस्तात दुरुस्त होते ती तेव्हाच. बोट तीच असते, कॅप्टन बहुधा तोच असतो, कंपनीच्या फाइलवर धूळ बसलेली नसते.

हे काम तू एकटीने करायचं नाहीस हं. लॉगिन त्यांचं, कागद त्यांचे, त्यामुळे दोघं मिळून बसा. ते वाचतील, तू ताडून बघ. एकाच माणसाने दोन्ही कागद वाचले की डोळे आपल्याला हवं तेच वाचतात. मी आणि तुझे भावोजी असंच करतो. ते सीडीसी हातात घेऊन मोठ्याने वाचतात, मी मोबाइलवर बघते. बोसन माणूस, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, ओरडायची सवय. वाचून दाखवतात तेव्हा शेजारच्या घरालासुद्धा आमचा सी टाइम पाठ होतो.

बघायचं कुठे, तर डीजी शिपिंगच्या साइटवर मास्टर चेकर म्हणून सोय आहे, तिथे इंडोस नंबर आणि जन्मतारीख घालून माणसाचा तपशील दिसतो. शिवाय प्रत्येकाचं स्वतःचं लॉगिन असतं, त्यात प्रोफाइल आणि सी सर्व्हिस बघता येते. कुठलं बटण कुठे आहे हे मी सांगत बसत नाही, कारण साइट अधूनमधून बदलते. काय बघायचं ते मात्र बदलत नाही, म्हणून त्यावर येते.

आधी नाव. आपल्या लोकांच्या नावांचे किती प्रकार होतात तुला माहीतच आहे. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, पासपोर्टावर शेवटी. कुठे वडिलांचं नाव आहे, कुठे नुसतं आद्याक्षर. सावंत लिहिताना एका कागदावर व्ही, दुसऱ्यावर डब्ल्यू. घरात आपल्याला त्याचं काही वाटत नाही, पण कॉम्प्युटरला ती दोन वेगळी माणसं वाटतात. पासपोर्टावर जसं आहे तसंच सगळीकडे हवं, अक्षरन् अक्षर. आणि पासपोर्ट नवा केला असेल तर प्रोफाइलमध्ये जुनाच नंबर राहिलाय का, तेही बघ. हा घोळ फार घरांत असतो.

मग तारखा, आणि इथे घाई करायची नाही. सीडीसीचं पान उजेडात धर. शिक्का बहुतेक तारखेवरच उमटलेला असतो, निळ्या शाईत तीनचा आठ दिसतो, एकचा सात दिसतो. त्यातून कॅप्टन वेगवेगळ्या देशांचे. कुणी दिवस आधी लिहितो, कुणी महिना आधी. समजा जावईबापू 5 मार्चला बोटीवर चढले. कॅप्टनने लिहिलं 03/05, कंपनीतल्या मुलाने ते वाचलं 3 मे. संपलं, 59 दिवस पाण्यात. ते दोन महिने माणूस डेकवर गंज खरवडत होता आणि नोंद म्हणते, हा घरीच होता.

तारखांचा आणखी एक फरक आहे, तो मात्र चूक म्हणून ओरडण्याआधी समजून घे. विमानात बसल्याची तारीख, बोटीवर पाय ठेवल्याची तारीख आणि कॉन्ट्रॅक्ट सुरू झाल्याची तारीख या तीन वेगळ्या असू शकतात. मुंबईहून निघाले 10 तारखेला, सिंगापूरला हॉटेलात थांबले, बोट आली 13 ला. पगार कदाचित 10 पासून सुरू होईल, सी टाइम धरायचा तो 13 पासून. ऑनलाइन नोंदीत 10 आणि सीडीसीवर 13 दिसले तर आपला फायदा झाला म्हणून गप्प बसायचं नाही. परीक्षेच्या वेळी तपासणारा माणूस दोन्ही कागद शेजारी ठेवतो आणि मग ते तीन दिवस राहतात बाजूला, सगळ्या नोंदींवरच संशय येतो. आपल्या बाजूची चूकही आपणच दाखवावी.

तिसरं, बोट. नुसतं नाव बघून समाधान मानू नकोस. बोटी विकल्या जातात, नावं बदलतात, झेंडे बदलतात. शेवटी अलंगला तुटायला जातात. पण आयएमओ नंबर, म्हणजे बोटीचा ओळख क्रमांक, जन्मापासून अलंगपर्यंत तोच राहतो. सात आकडे असतात, आणि त्यातला शेवटचा आकडा आधीच्या सहांची परीक्षा घ्यायला ठेवलेला असतो. मला हे तुझ्या भावोजींनी शिकवलं आणि तेव्हापासून मी कुठलाही आयएमओ नंबर तपासल्याशिवाय सोडत नाही. कागद-पेन घे. पहिल्या सहा आकड्यांना ओळीने 7, 6, 5, 4, 3, 2 ने गुणायचं आणि सगळी बेरीज करायची. बेरजेचा शेवटचा आकडा हाच नंबरातला सातवा आकडा असला पाहिजे. समजा नंबर आहे 9123453. नऊ साते 63, एक सक 6, दोन पाचे 10, तीन चोक 12, चार त्रिक 12, पाच दुणे 10. बेरीज 113. शेवटी 3, नंबराच्या शेवटीही 3. जमलं. आता टाइप करताना मधले दोन आकडे उलटे पडून 9132453 झाला असेल, तर बेरीज येते 114. शेवटी 4 यायला हवा होता, आहे 3. म्हणजे असा नंबर असूच शकत नाही. एवढं गणित तर चौथीतलं पोरही करेल.

नंबर बरोबर असला तरी बोटीचा प्रकार आणि आकार बघ. ऑइल टँकरच्या जागी बल्क कॅरिअर पडलं असेल, तर टँकरचे ते तीन महिने गेले म्हणून समज. डेकवाल्यांसाठी बोटीचं टनेज महत्त्वाचं, इंजिनवाल्यांसाठी इंजिनाची किलोवॅटमधली ताकद. अधिकाऱ्यांच्या सर्टिफिकेटांत 500 आणि 3000 टनांच्या, 750 आणि 3000 किलोवॅटच्या पायऱ्या असतात. एक शून्य कमी पडलं की माणूस मोठ्या बोटीवरून थेट छोट्या बोटीवर उतरतो. फेरी परदेशची होती की किनाऱ्याकिनाऱ्याची, तेही बघून ठेव.

चौथं, रँक. ओएसला ट्रेनी म्हणून दाखवलंय का? मधेच बढती मिळाली असेल तर जुन्या रँकचा शेवट आणि नव्याची सुरुवात, दोन्ही नोंदी आहेत का? डेकचा माणूस इंजिनात तर टाकला नाही ना? हसू नकोस, असंही बघितलंय.

आणि शेवटचं, सगळ्यात जास्त विसरलं जाणारं: साइन ऑफ टाकलंय का? चढल्याची नोंद कंपनी वेळेवर करते, कारण त्याशिवाय माणूस पाठवता येत नाही. उतरल्याची नोंद करायची घाई कुणालाच नसते. आमच्या ओळखीतल्या एका मुलाचं तेच झालं. घरी येऊन पोरगा मजेत, क्रिकेटच्या टुर्नामेंट खेळतोय, दुसऱ्या कंपनीत सिलेक्शन झालं, मेडिकल झालं, व्हिसाची तयारी झाली. आणि नवी कंपनी म्हणते, सिस्टिममध्ये तू अजून जुन्या बोटीवरच आहेस, तुला आम्ही चढवणार कसं? जुन्या कंपनीत फोन लावला तर तिथला माणूस सुट्टीवर. बोट काही कुणासाठी थांबत नाही, त्याच्या जागी दुसरा गेला. एक नोंद टाकायचं काम. त्याच्यासाठी पोराचे सहा-नऊ महिन्यांचे पैसे बुडाले.

आता चूक सापडली, तर? आधी खोल श्वास घे आणि कुणाच्याही ओळखीचा माणूस शोधायला जाऊ नकोस. ज्याने नोंद टाकली त्यानेच ती सुधारायची असते, म्हणून पहिला मेल कंपनीला. फोन कर, पण मेल असलाच पाहिजे. फोनवरचं ‘हो हो, करून टाकतो’ आपल्याला कुठे दाखवता येत नाही.

मेल कसा लिहायचा ते सांगते. विषयातच नाव, रँक, इंडोस नंबर, सीडीसी नंबर, बोटीचं नाव आणि आयएमओ नंबर. खाली गाऱ्हाणं नको, आमचं किती नुकसान होतंय ती कथा नको. तीन ओळी पुरतात: नोंदीत अमुक आहे, हवं तमुक, त्याचा पुरावा म्हणून हे कागद जोडलेत. एका मेलमध्ये एकाच बोटीची दुरुस्ती. चार बोटींचं एकत्र लिहिलंस तर पहिली होईल आणि बाकीच्या राहतील. जोडायचं काय, तर सीडीसीचं फोटोचं पान आणि त्या नोंदीचं पान, सी सर्व्हिसचं पत्र, कॉन्ट्रॅक्टची प्रत, पासपोर्टावरचे जाण्या-येण्याचे शिक्के. बोर्डिंग पास असतील तर तेही. पंख्याखाली उडणाऱ्या पानाचा मोबाइलवर काढलेला वाकडा फोटो पाठवू नकोस. नाक्यावर झेरॉक्सवाला स्कॅन करून देतो, शिक्क्याची अक्षरं वाचता यायला हवीत. आणि शेवटी ‘कृपया बघावे’ असं मोघम सोडायचं नाही. ‘दुरुस्ती करून नोंद अपलोड झाल्याचं कळवावं’ असं स्पष्ट मागायचं.

एक आठवडा वाट बघ. उत्तर आलं नाही तर त्याच मेलवर उत्तर म्हणून पुन्हा लिही, म्हणजे आधीचा मजकूर खाली राहतो, आणि या वेळी क्रूइंग मॅनेजरला कॉपी ठेव. एका वहीत तारखा टिपत जा, कधी लिहिलं, कुणाशी बोललो, काय म्हणाले. पुढे वर तक्रार करायची वेळ आली, तर ही वहीच तुझी साक्षीदार.

वर म्हणजे कुठे? कंपनी दाद देत नसेल किंवा तिचं लायसनच गेलं असेल, शटर पडलं असेल, तर डीजी शिपिंगकडे तक्रार करता येते. केंद्र सरकारचं सीपीग्राम्स हे तक्रारीचं पोर्टलही आहे. तिथे तक्रारीला नोंदणी क्रमांक मिळतो आणि ती कुठे अडकलीय ते बघता येतं. सीडीसीच्या पुस्तकातच चूक असेल, नाव किंवा जन्मतारीख, तर ते काम शिपिंग मास्तरच्या ऑफिसचं. जावईबापू युनियनचे मेंबर असतील तर युनियनच्या ऑफिसातही जाऊन या. नुसीसारख्या युनियनमध्ये असले प्रश्न रोज येतात, कुठल्या टेबलावर काय द्यायचं ते त्यांना पाठ असतं. वर्गणी भरतोच आपण, मग विचारायला लाजायचं कशाला?

आणि हे मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे, हे डोक्यात पक्कं ठेव. बोटीवर काम करणाऱ्यांच्या हक्कांचा एमएलसी 2006 नावाचा जागतिक करार आहे, आपल्या देशाने तो 2015 मध्ये मान्य केला. बोटीवर केलेल्या नोकरीची लेखी नोंद माणसाला मिळालीच पाहिजे, असं त्यात लिहिलंय. त्या नोंदीत कामाच्या दर्जाबद्दल शेरा मारायचा नाही, पगाराचा उल्लेख करायचा नाही, हेही लिहिलंय. फक्त नोकरी, जशी झाली तशी. तेव्हा मेल लिहिताना हात जोडू नकोस, आवाजही चढवू नकोस. सरळ माग.

आता काय करायचं नाही ते ऐक, कारण नुकसान बहुतेक इथेच होतं. सीडीसीवर आपल्या हाताने काही लिहायचं नाही. पुसट आकडा गिरवायचासुद्धा नाही. आकडा खरा असला तरी गिरवलेला दिसला की तो खोटा ठरतो. कॅप्टनकडून चूक झाली असेल तर त्यानेच एका रेघेने खोडून, बाजूला बरोबर लिहून, सही-शिक्का द्यायचा, आणि तो देईल बोटीवर असतानाच. म्हणून जावईबापूंना आत्ताच व्हॉट्सअ‍ॅप करून ठेव: गँगवेवरून उतरायच्या आधी, कॅप्टनच्या केबिनबाहेरच उभं राहून सीडीसीचं पान वाचायचं. नाव, रँक, दोन्ही तारखा, आयएमओ नंबर, सही, शिक्का. दोन मिनिटं लागतात. लाँच खाली थांबली असेल, एजंट घाई करत असेल, तरीही वाचायचं. आणि सी सर्व्हिसचं पत्र हातात घेतल्याशिवाय ‘कंपनी पाठवेल नंतर’वर विश्वास ठेवायचा नाही.

दुसरं, नाक्यावरचे एजंट. ‘ताई, दोन-तीन महिने कमी पडतायत ना, मी बसवून देतो’ असं सांगणारा भेटेलच तुला. असा विकत घेतलेला सी टाइम म्हणजे सरळ सरळ खोटे कागद. ऑनलाइन नोंदी असल्यामुळे ते पकडले जातात आणि मग परीक्षा, सर्टिफिकेट, पुढची सगळी नोकरी, सगळ्यावर गंडांतर. शिवाय पोलीस केस. तीन महिने कमी आहेत तर तीन महिने आणखी बोट करायची, त्याला दुसरा इलाज नाही.

तिसरी गोष्ट नाजूक आहे, म्हणून हळूच सांगते. जावईबापूंच्या प्रोफाइलला कुणाचा मोबाइल नंबर आणि ईमेल जोडलाय, ते बघ. मुलं पहिल्यांदा कोर्सला जातात तेव्हा वयाने लहान असतात, घरी कुणाला यातलं कळत नसतं, मग इन्स्टिट्यूटमधला कुणी किंवा एजंट फॉर्म भरून देतो आणि घाईत स्वतःचाच नंबर, स्वतःचाच मेल टाकतो. मग वर्षानुवर्षं ओटीपी त्याच्याकडे जातो. आपल्या माणसाच्या नोकरीच्या कुलपाची किल्ली परक्या माणसाच्या खिशात, हे मला तरी सहन होत नाही. तो नंबर आधी बदलून घ्या. मेल आयडी त्यांचा स्वतःचा हवा, पासवर्ड तुम्हा दोघांना माहीत हवा. आणि इंडोस नंबर, जन्मतारीख, पासपोर्टचं पान असं सगळं एकत्र करून कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘कुणी चेक करून द्या’ म्हणून टाकायचं नाही. ग्रुपवर आपले काका आहेत म्हणून सगळेच काका नसतात.

तुला वाटेल, ताई परीक्षेचंच धरून बसलीय, यांना पुढे परीक्षा द्यायचीच नसेल तर? तरी नोंद हवी. सीमेन्स प्रॉव्हिडंट फंड आहे, 1966 च्या कायद्याचा. ज्यांची वर्गणी तिथे जाते त्यांच्या नोकरीचा काळ आणि भरलेले पैसे यांचा मेळ लागायला हवा. आणि आयकर. वर्षात भारतातला मुक्काम 182 दिवसांच्या आत आहे का, यावर त्यांचं एनआरआय असणं-नसणं ठरतं. भारतातून सुटणाऱ्या परदेशी फेरीला तर सीडीसीवरच्या चढण्या-उतरण्याच्या तारखांनीच दिवस मोजतात. परदेशात जाऊन बोट धरली असेल तर पासपोर्टचे शिक्के बघतात. 59 दिवसांची ती चूक आठव आणि इकडे लावून बघ, कर किती बसेल ते. यातल्या खाचाखोचा सीएला विचार, पण सीएकडे जाताना तारखा बरोबर घेऊन जाणं हे आपलं काम.

घरात एक साधी फाइल कर. प्रत्येक बोटीचं एक पान: बोटीचं नाव, आयएमओ नंबर, कंपनी आणि तिचा आरपीएसएल नंबर, रँक, चढल्याची तारीख आणि बंदर, उतरल्याची तारीख आणि बंदर, एकूण दिवस. मागे सीडीसीच्या पानाची झेरॉक्स, पत्र, कॉन्ट्रॅक्ट. ऑनलाइन नोंद बरोबर दिसली की त्या पानाची प्रिंट काढून तीही लाव, तारीख टाकून. उद्या साइट बदलली, जुन्या नोंदी इकडून तिकडे नेताना काही गहाळ झालं, तर आपल्याकडे दाखवायला काहीतरी असेल. स्कॅन करून तुमच्या दोघांच्या मेलवरही ठेव. आपल्या घरांना कोकणातला पावसाळा माहीत आहे. कपाटातल्या कागदांना बुरशी यायला एक ऑगस्ट पुरतो.

हे सगळं वाचून घाबरू नकोस. पहिल्यांदा एक संध्याकाळ लागेल, जुन्या सगळ्या बोटी तपासायच्या म्हणून. त्यानंतर दर साइन ऑफला चहा संपेपर्यंतचं काम. आणि ते आल्या आल्या फाइल घेऊन त्यांच्यापुढे बसू नकोस हं. आधी झोपू दे, घरचं जेवू दे, मित्रांना भेटून येऊ दे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काढ विषय. काही चुकलेलं निघालं तर त्यांच्यावर वैतागू नकोस, टाइप त्यांनी केलेलं नाही. सरळ मेल लिहायला घे. पहिला मेल पाठवायच्या आधी मला दाखव. मी वाचते, आणि आयएमओ नंबराचं गणितही करून बघते.